चारशे सहा वायतुरे गहाळ

वनरक्षकावर आळ यायचाच असेल तर तो लाकडाचा येतो. सागवानाचा, चंदनाचा, गेला बाजार जळणाच्या मोळीचा. माझ्यावर आला तो फुलांचा. आणि ती फुलझाडंही अशी, की आळ आला त्या घडीला ती आपापल्या जागेवरून तसूभरही हललेली नव्हती.

मी कवठे महांकाळ तालुक्यातला. आमच्याकडं साठलेलं पाणी बघायचं तर टँकरचं झाकण उघडून आत वाकावं लागायचं. अशा माणसाला खात्यानं शेवटची काही वर्षं साताऱ्याच्या वरच्या पठारावर नेमलं, जिथं पावसाळ्यात चपलेला बुरशी येते आणि काडेपेटी तांदळाच्या बरणीत ठेवावी लागते. वनरक्षक म्हटलं की लोकांना बंदूक दिसते, बिबट्या दिसतो. माझ्याकडं एक शिट्टी, एक रेनकोट आणि ‘फुलांवर झोपू नये’ असा बोर्ड होता. सीझनमध्ये रविवारी गर्दी उसळायची आणि दिवसभर शिट्टी फुंकून माझे गाल दुखायचे. सांगलीचे एक काका दर वर्षी यायचे आणि दर वर्षी विचारायचे, “फुलं किती वाजता उघडतात?” एका बाईंनी धुक्यात हात फिरवून मला विचारलं होतं, “हे हटवायची तुमच्याकडं काही सोय नाही का?”

पण हे पठार सहज कळणारं नाही, म्हणून आधी दोन शब्द त्याविषयी. सगळा जांभा दगड. वर मातीचा थर कुठं बोटभर, कुठं वीतभर. पावसाळ्यात दगडातल्या खळग्यांत घोट्याएवढं पाणी साठतं आणि त्या पाण्यात वायतुरा उगवतो. पात्यासारखी लांबट पानं, मध्ये एक दांडा आणि दांड्याच्या टोकाला दोन फाट्यांचा गुलाबी-जांभळा तुरा, थेट इंग्रजी वाय अक्षरासारखा. म्हणून वायतुरा. जगात इतर ठिकाणी शोधून सापडायचा नाही, आमच्या डोंगरांवरच्या सड्यांवरच, म्हणजे अशा उघड्या कातळावरच काय तो. पाऊस संपला, डबकी आटली, की पानं वाळून उडून जातात. खाली चिखलात गोटीएवढा कंद राहतो. तो आठ महिने गप्प पडून असतो आणि पुढच्या पावसाला पुन्हा वर येतो. वर्षानुवर्षं तोच कंद, तीच जागा. वाडीतल्या म्हशीलाही हे ठाऊक असतं.

एका सप्टेंबरात वरून पत्र आलं की प्रत्येकानं आपापल्या हद्दीतल्या दुर्मीळ वनस्पतींची नोंद द्यावी. आमचे वनपाल गोडबोले, वाईचे, अतिशय सज्जन आणि कागदाला अतिशय भिणारे. त्यांनी मला तक्ता दिला. बाकीच्या वनरक्षकांनी त्यात ‘भरपूर’, ‘मुबलक’, ‘ठिकठिकाणी’ असं लिहून मोकळं केलं. मी मात्र थोरल्या डबक्यावर आडव्या-उभ्या दोऱ्या ताणल्या, दोन दिवस गुडघ्यावर बसून वायतुरे मोजले आणि आकडा लिहिला, चारशे सहा. वर मोबाईलवर फोटो काढला, अक्षांश-रेखांशासकट. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक ती.

एप्रिलमध्ये साताऱ्याच्या कार्यालयात नवे साहेब रुजू झाले. उमेदीचे, हुशार, अतिशय प्रामाणिक. आधीची सगळी नोकरी पूर्वेकडच्या सागवानाच्या जंगलात. तिथं प्रत्येक झाडाला नंबर असतो, प्रत्येक ओंडक्यावर हातोड्यानं शिक्का मारलेला असतो, आणि झाड चोरीला गेलं तर जमिनीत त्याचं थूट राहतं. साहेब हातात माझा सप्टेंबरचा फोटो घेऊन, भर उन्हात, मोबाईल दाखवील तसे चालत थोरल्या डबक्याशी येऊन उभे राहिले. समोर तापलेला काळा दगड आणि भेगाळलेला चिखल.

“माने, ही जागा हीच ना?”

“व्हय साहेब.”

“मग चारशे सहा रोपं कुठं गेली?”

“खाली हायत साहेब.”

“खाली म्हणजे? साताऱ्यात?”

“न्हाई साहेब. जमिनीत.”

“कुणी पुरली?”

“त्यांची ती सवताच जात्यात.”

साहेबांनी सोबत आलेल्या गोडबोल्यांकडं पाहिलं. गोडबोले घाम पुसत म्हणाले, “कंदवर्गीय आहे, सर.” कुणीतरी आजारी असल्याचं सांगावं, असा त्यांचा आवाज झाला होता.

“ठीक आहे. एक खणून दाखवा.”

“खणता येत न्हाई साहेब,” मी म्हणालो. “कंद उकरणं हा गुन्हा हाय. बोर्ड आपणच लावलाय.”

बोर्ड पाठीमागंच होता. साहेबांनी तो पूर्ण वाचला. खालची बारीक अक्षरंसुद्धा वाचली. मग म्हणाले, “बरोबर आहे. खणायचं नाही.” आणि चौथ्या दिवशी माझ्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. ‘आपल्या ताब्यातील चारशे सहा दुर्मीळ रोपे मुळासकट गहाळ झाल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळले. थुटेही दिसून आली नाहीत. याबाबत आपणांस जबाबदार का धरू नये?’

मी खुलासा दिला की रोपं झोपली आहेत. त्यावर शेरा आला, ‘पुराव्यासह खुलासा करावा.’ मी एक कंद उकरायची परवानगी मागितली. गोडबोल्यांनी अर्ज वर पाठवला. वरून उत्तर आलं की दुर्मीळ रोप उकरण्याची परवानगी देण्यापूर्वी ते रोप त्या ठिकाणी अस्तित्वात असल्याचा पाहणी अहवाल जोडावा. गोडबोल्यांनी ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं, मग घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “माने, आपण चहा घेऊ.”

इथवर मी हसत होतो. घरी मालननं, माझ्या बायकोनं, नोटीस देवापुढं ठेवली तेव्हाही हसलो. पण त्याच आठवड्यात मलकापूरचे पाहुणे आले. आमच्या सुजाताचं, म्हणजे मुलीचं, त्यांच्याकडं जवळजवळ ठरलं होतं. मुलाचे वडील पोहे खाऊन झाल्यावर घसा खाकरून म्हणाले, “मानेसाहेब, कानावर आलं. फुलांचं काय ते?”

मी सगळं सांगितलं. कंद, डबकं, पाऊस, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“त्ये असंल. पर कसं हाय, आमच्या भावकीत चार मान्सं इचारनार. सागवान म्हटलं असतं तर आमी सांगितलं असतं, मोठी नोकरी हाय, हुतंय मागंपुढं. पर फुलं? आवं, फुलं तर पोरंसोरं चोरत्यात, सकाळी, कुंपनावरची!”

म्हणजे मी चोर आहे याचं त्यांना काही नव्हतं. मी भुरटा आहे याचं होतं. लग्न मोडलं. सुजाता आतल्या खोलीत होती, तिनं सगळं ऐकलं. ती रडली नाही. नुसती पोह्यांच्या बश्या उचलून विसळायला घेऊन गेली. त्या बश्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो.

त्यानंतरची गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. मला स्वतःलाच शंका यायला लागली. इतकी वर्षं मी लोकांना ठणकावून सांगत होतो, खाली कंद आहे. पण मी तो पाहिला कधी होता? उकरायचा नाही म्हणून कधी उकरलाच नव्हता. जुन्या वनरक्षकानं मला सांगितलं, त्याला त्याच्या आधीच्यानं. एका दुपारी मी विळा घेऊन थोरल्या डबक्यावर गेलो. ऊन रणरणत होतं. भेगेत विळ्याचं टोक घातलं आणि तसाच बसून राहिलो. उकरावं तर इतकी वर्षं जपलेलं मोडायचं, न उकरावं तर रात्रंदिवस डोक्यात भुंगा.

“मान्या, काय करतूस रं?”

मागं सुभेदार आबा उभे. सैन्यातून निवृत्त झालेले, पठाराच्या कडेच्या वाडीत राहणारे, सत्तरी ओलांडलेले. रोज म्हशी घेऊन सड्यावर यायचे आणि म्हशींना कवायतीच्या हुकमांवर वळवायचे.

“आबा, खरंच हायत का वं खाली?”

आबा माझ्या शेजारी बसले. विळा माझ्या हातातून काढून घेतला. “रातपाळीचा गडी दिवसा झोपतो. त्याला कुनी मेला म्हनतंय का? खंदकात हायत त्ये. वरनं हुकूम आला की भाईर येत्याल. उगं हालवू नगंस.”

दुसऱ्या दिवशी आबा कडक इस्त्रीचा कोट घालून, छातीवर पदकं लावून साताऱ्याला साहेबांच्या केबिनमध्ये हजर झाले.

“साहेब, मी जामीन ऱ्हातो.”

“कुणाला? मानेंना?”

“मान्याला कशाला? फुलांना. पावसाळ्यात हजर झाली न्हाईत तर मला आत टाका.”

साहेबांनी ते हसण्यावारी नेलं नाही. हीच त्यांची गंमत होती, ते काहीही हसण्यावारी नेत नसत. त्यांनी रीतसर कागद करून घेतला. ‘सदर रोपे पर्जन्यकाळात हजर राहतील याची मी हमी देतो.’ खाली आबांची सही, हुद्दा आणि पलटण. मात्र खात्याची चौकशी काही पावसासाठी थांबणारी नव्हती. तिची तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली पडली.

मे महिन्यात एका सकाळी आबांचा फोन आला. “मान्या, गोडबोल्याला घिऊन ये. उकरलंय कुनीतरी.”

आम्ही धावत गेलो. थोरल्या डबक्याच्या काठाला माती उकरलेली, बाजूला तीन कंद टाकलेले. दोन अर्धवट खाल्लेले, एक आख्खा. आणि भेगेत उभा रुतलेला एक काळा-पांढरा काटा, हातभर लांब.

“साळींदर,” आबा म्हणाले. “आरोपी गावला बघा.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गोटीएवढा, मातकट, सुरकुतलेला कंद. होता. खाली होता.

गोडबोल्यांनी पंचनामा लिहिला. अडचण अशी, की साळींदर हा संरक्षित प्राणी आणि त्याच्या संरक्षणाची जबाबदारीही माझ्याच हद्दीत. फिर्यादी मी, संशयित मी, आणि खऱ्या आरोपीचा राखणदारही मीच. ‘आरोपीचे वर्णन’ या रकान्यात गोडबोल्यांनी बराच विचार करून लिहिलं, ‘अंगावर काटे. फरारी.’ कंद आणि काटा कापडी पिशवीत घालून लाखेचं सील केलं आणि ती पिशवी कार्यालयातल्या मुद्देमालाच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली.

चौकशीचा दिवस उजाडला. आभाळ कोरडं ठाक. साहेब, गोडबोले, मी आणि पंच म्हणून आबा. साहेबांच्या सांगण्यावरून गोडबोल्यांनी कपाट उघडलं, पिशवी खाली काढली आणि हात झटकला. पिशवी ओली होती. छतावरच्या टाकीचं पाणी भिंतीतून झिरपून कपाटाच्या मागच्या बाजूनं वरच्या फळीवर उतरत होतं. कार्यालयातल्या कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. साहेबांनी सील तपासलं. शाबूत. सील तोडलं आणि पिशवी टेबलावर उपडी केली.

दोन अर्धे कंद कुजून गेले होते. तिसऱ्या, आख्ख्या कंदातून तीन हिरवी पाती बाहेर आली होती. बोटभर लांब, नाजूक, कपाटातल्या अंधारामुळं जराशी फिकट.

पंखा फिरत होता.

“हे काय आहे?” साहेबांनी विचारलं.

गोडबोले उभे राहिले. “सर, मुद्देमाल वाढला.”

“पंचनाम्यात पानांचा उल्लेख नाही.”

“नव्हती, सर, तेव्हा.”

“म्हणजे सीलबंद मुद्देमालात फेरफार झालाय.”

“झालाय, सर. पण आतून झालाय.”

त्याच संध्याकाळी गोडबोल्यांनाही नोटीस मिळाली. ती घेऊन ते माझ्या घरी आले आणि पहिल्यांदाच अगदी मोकळे हसले. “माने, तीस वर्षं मी या कागदाला भीत होतो. आला एकदाचा.”

पण साहेबांच्या आत काहीतरी हललं होतं. त्यांनी तो कंद पिशवीत परत घातला नाही. टेबलावरचा पाण्याचा ग्लास ओढला, तळाशी कुंडीतली थोडी माती घातली आणि कंद त्यात सोडला. ग्लासावर मुद्देमालाची चिठ्ठी चिकटवली. पाऊस सुरू झाल्यावर मी कधी कामानं कार्यालयात गेलो तर साहेब फायलीवर सही करता करता ग्लासाकडं बघत असायचे. बैठकीला बाहेरगावी गेले तर फोन करून शिपायाला विचारायचे, “पाणी बदललं का?”

जुलैत एकदा मला आत बोलावलं. “माने, पानं पिवळी पडताहेत.”

“नळाचं पानी सोसत नसंल साहेब. वर न्यायला पायजे.”

“मुद्देमाल आहे. नेता येत नाही. परवानगी मागितली आहे.”

“आली?”

साहेबांनी ग्लास उजेडाकडं सरकवला.

पाच-सहा दिवसांनी, पठारावर पाऊस आडवा झोडपत असताना, साहेबांची गाडी वर आली. चालक नव्हता, स्वतः चालवत आले होते. शेजारच्या सीटवर ग्लास, पट्टा लावून बसवलेला. मी आणि आबा टपरीच्या आडोशाला उभे होतो. साहेबांनी बूट-मोजे काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ग्लास छातीशी धरून थोरल्या डबक्यापर्यंत चालत आले. तिथं थांबले.

डबकं भरलं होतं. आणि पाण्यातून, भेगाभेगांतून, जिथं एप्रिलमध्ये त्यांनी काळा दगड पाहिला होता तिथं, वायतुरे उभे होते. गुलाबी, जांभळे, वाऱ्यानं लवणारे. जिकडं बघावं तिकडं.

साहेब बराच वेळ तसेच उभे राहिले. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं, त्यांनी पुसलं नाही. आबांनी टाच जुळवून सलाम ठोकला. “जामीन सोडवा साहेब. पलटन हजर हाय.”

साहेब काठावर वाकले आणि साळींदरानं उकरलेल्या जागी, स्वतःच्या हातानं चिखल करून, तो पिवळ्या पानांचा कंद लावला. कायद्यानं तो मुद्देमाल नाहीसा करण्याचा प्रकार होता. आम्ही तिघं तोंड फिरवून उभे राहिलो, त्यात साहेबही.

मग ते मोजायला बसले. मी म्हणालो, दोऱ्या आणतो. नको म्हणाले. धुकं आलं की आकडा चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला पूर्ण झालं. चारशे एकोणतीस.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.

“तेवीस जास्त आहेत, माने. ही कुठून आणलीत?”

मी काही बोलणार तेवढ्यात आबा म्हणाले, “नवी भरती झाली साहेब.”

आणि साहेब हसले. आधी नुसतेच खांदे हलले, मग मोठ्यानं, चिखलात बसकण मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी त्यांना हसताना पाहिलं ते त्या वेळीच.

प्रकरण मिटायला पुढं आणखी चार महिने लागले. माझी आणि गोडबोल्यांची नोटीस मागं घेतली. साळींदर अजून फरारीच आहे. लावलेला तो कंद जगला की नाही, सांगता येत नाही. पुढच्या वर्षी त्या जागी सहा-सात तुरे आले, त्यातला कार्यालयात राहून आलेला कुठला, हे ओळखायची सोय नव्हती.

मलकापूरकरांनी मध्यस्थामार्फत निरोप धाडला की गैरसमज झाला होता, पुन्हा बसू. मी सुजाताला विचारलं. ती म्हणाली, “अण्णा, तुमी चोर न्हाई हे त्यांना आत्ता कळलं. मला तवापण ठावं हुतं.” तिनं पुढं कुपवाडच्या कारखान्यात लेथवर काम करणारा मुलगा पसंत केला. पण त्या दिवशी, पोहे खाताना, मी माझं शहाणपण सोडून नुसतं तिच्या बाजूनं बोलायला हवं होतं. मी पाहुण्यांना कंद समजावत बसलो. ती चुटपुट मात्र राहिली.

साहेबांची बदली झाली, पुन्हा तिकडं पूर्वेला, सागवानात. मीही निवृत्त झालो आणि गावी येऊन राहिलो. इथून ते पठार दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर दूर. दर उन्हाळ्यात, एप्रिलच्या सुमारास, एक फोन येतो. नमस्कार-चमत्कार काही नाही.

“माने, आहेत ना रे?”

मी बांधावर उभा असतो. भोवती आमच्या दुष्काळी रानाची ढेकळं.

“हायत साहेब.”

“दिसतात?”

“न्हाई.”

“बरं,” साहेब म्हणतात, आणि फोन ठेवतात.